आटलेलं दूध परत येतं

बाळ सहा-सात आठवड्यांचं आहे आणि आईला डेंग्यू झालाय, असं समजू. पावसाळा सरत आलेला, ताप उतरत नाही, प्लेटलेट घसरल्यात. आईला दाखल करावं लागतं आणि वॉर्डात तान्ह्या बाळाला घेऊन येऊ देत नाहीत. घरी आजी डब्याचं दूध करते, बाळ बाटलीनं पितं. पहिले दोन-तीन दिवस आईची छाती दाटून दगडासारखी होते, पदर भिजतो. शेजारच्या खाटेवरची बाई सांगते, फडक्यानं घट्ट बांधून टाक. मग ठणका ओसरतो, गळणंही थांबतं. आठवड्या-दहा दिवसांनी आई घरी येते, हातपाय धुऊन आधी बाळाला घेते, तर ते क्षणभर तोंड लावतं, मान वळवतं आणि किंचाळायला लागतं. घरातलं मोठं माणूस म्हणतं, "अगं, दूध आटलं तुझं. आता वरचंच चालू ठेव, उगाच जिवाला त्रास नको."

हे मायेनंच म्हटलेलं असतं, पण ते खरं नसतं. दूध मंदावलेलं असतं, आणि आईची इच्छा असेल तर बहुतेक वेळा ते पुन्हा वाढवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९८ साली या एकाच विषयावर स्वतंत्र पुस्तिका काढली आहे. आपल्याकडे अनेक डॉक्टरांनाही हे माहीत असतं. पण डिस्चार्जच्या कागदावर आईच्या गोळ्या लिहिलेल्या असतात, पाजणं पुन्हा कसं सुरू करायचं हे लिहिलेलं नसतं. त्यामुळे आठ दिवसांचा खंड कायमचा होऊन बसतो.

खंड पडायला डेंग्यूच लागतो असं नाही. आईचं ऑपरेशन, बाळाचा काचेच्या पेटीतला मुक्काम, कामासाठी करावा लागलेला प्रवास, स्तनाग्राला पडलेल्या चिरा, "ही गोळी चालू आहे तोवर पाजू नका" असा सल्ला, किंवा नुसतंच "बाळ रडतंय म्हणजे पोट भरत नाही" हा घरचा निष्कर्ष. कारण कुठलंही असलं तरी छातीच्या आत जे घडतं ते सारखंच, आणि ते नीट समजलं की परतीच्या वाटेतलं निम्मं भय जातं.

दूध आधी बनून साठून राहतं आणि पाजलं की संपतं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते सतत बनत असतं, आणि किती बनायचं हे किती बाहेर पडलं यावर ठरतं. बाळ ओढतं तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध बनवायला लावतं. ऑक्सिटोसिन दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतं आणि पान्हा फुटतो. दुखणं, धास्ती, कुणीतरी रोखून बघत असणं यांनी पान्हा अडतो, पण तेवढ्यापुरता. दूध बनलेलं असतं, ते खाली उतरत नाही इतकंच. याखेरीज छातीचा स्वतःचा एक हिशेब असतो. स्कॉटलंडमधल्या एअर इथल्या हॅना संशोधन संस्थेत शेळ्यांवर प्रयोग झाले. कासेच्या दोन भागांपैकी एकाच भागाचं दूध दिवसातून जास्त वेळा काढलं, तर वाढ फक्त त्या बाजूला झाली. दोन्ही बाजूंना रक्त तेच, संप्रेरकं तीच, तरी दुसरी बाजू होती तिथेच राहिली. म्हणजे भरलेली बाजू स्वतःच काम कमी करते आणि रिकामी होणारी वाढवते. आईच्या बाबतीतही असंच घडतं. एका बाजूनं जास्त पाजलं की ती बाजू मोठी दिसते, हे पुष्कळ बायकांनी पाहिलेलं असतं.

आता खंडात काय होतं ते पाहू. दूध बाहेर पडेनासं झालं की आतला दाब वाढतो, दूध बनणं मंदावतं, मग हळूहळू दूध बनवणाऱ्या काही पेशी कमी व्हायला लागतात. पण हे एका रात्रीत होत नाही. शेवटचं पाजल्यानंतरही कित्येक आठवडे छातीत थोडंफार दूध तयार होत राहतं. आठवडाभराच्या खंडानंतर "काहीच नाही" असं वाटणाऱ्या आईनं हातानं हलकेच दाबून पाहिलं, तर चार-दोन थेंब बहुतेक वेळा दिसतात. पेशी पुन्हा वाढूही शकतात. दक्षिण आफ्रिकेतल्या आज्यांनी नातवंडांना पाजल्याच्या नोंदी १९५६ सालच्या वैद्यकीय लिखाणात आहेत, आणि त्या आज्यांचा खंड काही वर्षांचा होता. सात आठवड्यांच्या बाळाच्या आईचा दहा दिवसांचा खंड त्यापुढे कितीसा?

परतीची सुरुवात मात्र डबा बंद करून करायची नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. जिद्दीनं पेटलेली आई, किंवा तिच्यापेक्षा जास्त पेटलेलं घर, म्हणतं की आजपासून पावडर नाही, भूक लागली की आपोआप ओढेल. तसं होत नाही. भुकेलं बाळ आधी चिडतं, मग मलूल होतं, आणि मलूल बाळाला ओढायची ताकदच राहत नाही. दूध परत येईपर्यंत बाळाचं पोट पूर्ण भरलं पाहिजे. लहान बाळाला दिवसाला साधारण दर किलो वजनामागे १५० मिली दूध लागतं, म्हणजे चार किलोच्या बाळाला चोवीस तासांत ६०० मिली. अंगावरचं दूध दिसायला लागलं, बाळ छातीशी घोट घेताना ऐकू आलं, की मग वरचं दूध रोज ३० ते ६० मिलीनं कमी करत जायचं. हे दिवसभराचं मिळून कमी करायचं, प्रत्येक वेळचं नव्हे. बाळ समाधानी आणि वजन नीट असेल तर पुढची पायरी, नाहीतर आहे तिथेच दोन दिवस थांबायचं.

आणि पावडर पातळ करायची नाही, हे मला ठासून सांगायचंय. "हळूहळू कमी करतोय" म्हणून चमचे तेच ठेवून पाणी वाढवलं जातं, कधी डबा महाग म्हणूनही. जास्तीच्या पाण्यानं बाळाच्या रक्तातलं सोडियम घसरतं, वेळ आली तर आकडी येते. कमी करायचं ते तयार दुधाचं माप, त्याचा दाटपणा कधीच नाही. पाणी उकळायचं, चांगलं गरम असतानाच पावडर घालायची, पाजण्याआधी निववायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं.

पोट भरण्याची सोय झाली की खरा प्रश्न उरतो बाळाला छातीशी आणण्याचा. बाटलीच्या निपलमधून दूध लगेच आणि सारखं येतं. छातीशी आधी थोडं ओढावं लागतं, मग मिनिटा-दोन मिनिटांनी पान्हा फुटतो. दहा दिवस पहिल्या पद्धतीला सरावलेलं बाळ दुसऱ्या पद्धतीवर चिडणारच. ते आईला नाकारत नसतं. ही गोष्ट आईला कुणीतरी जवळ बसून सांगायला हवी, कारण बाळानं मान फिरवली की तिच्या मनाला जे लागतं ते कुठल्याही पुस्तिकेत येत नाही.

म्हणून पहिले काही दिवस पाजण्याचा आग्रहच धरायचा नाही. बाळाचं झबलं काढायचं, लंगोट राहू द्यायचा, आईनं ब्लाउज सोडून त्याला छातीवर पालथं घ्यायचं, वरून दोघांवर मिळून शाल. दिवसातून जितका वेळ जमेल तितका वेळ. बाळ पेंगुळलेलं असतं किंवा नुकतंच जागं होत असतं, तेव्हा ते स्वतःच डोकं हलवत शोधायला लागतं. कडकडून भूक लागलेली असताना छातीला लावायला गेलं की रडारड ठरलेली. तेव्हा आधी थोडं दूध वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं द्यायचं, भुकेची धार कमी करायची, मग घ्यायचं. आपल्याकडे घरोघरी असलेलं बोंडलं इथे फार उपयोगी पडतं, कारण बाटली बाजूला झाली की निपलची सवय लवकर सुटते. पाजताना बाळाचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं हवं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालच्या बाजूनं बहुतेक तोंडात गेलेला असावा. नुसतं टोक तोंडात असेल तर आईला दुखतं आणि बाळाला काही मिळत नाही. अशा वेळी करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं.

तरी बाळ थांबत नसेल तर दोन युक्त्या आहेत, दोन्ही साध्या. पहिलीत मदतीला कुणीतरी लागतं. बाळ छातीला लागलेलं असताना वरून ड्रॉपरनं किंवा चमच्यानं दुधाचे थेंब सोडायचे, ते ओघळत बाळाच्या तोंडात जातात. ओढलं की काहीतरी मिळतं, असा त्याचा अनुभव बदलतो. दुसरीत दवाखान्यात मिळणारी बारीक नळी वापरायची, नाकातून दूध द्यायला असते ती. तिचं एक टोक दुधाच्या कपात, दुसरं स्तनाग्राशी चिकटपट्टीनं लावलेलं. बाळ ओढतं तेव्हा त्याला नळीतून दूध मिळतं आणि त्याच वेळी छातीलाही संदेश मिळत राहतो. कप वर धरला तर दूध भराभर येतं, खाली धरला तर बाळाला जास्त ओढावं लागतं. सुरुवातीला कप जरा वर धरायचा, मग दिवसागणिक खाली आणायचा. नळी प्रत्येक वेळी स्वच्छ धुवावी लागते, आणि पहिल्यांदा हे जाणकाराकडून हाताला धरून शिकून घ्यावं. कर्नाटकातल्या दावणगिरीच्या जे. जे. एम. वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी मातांना दाखल न करता, ओपीडीतच भेटून असं दूध परत आणण्याचं काम केलं. २००३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं, आणि त्यातल्या बहुतेक मातांना पुन्हा दूध आलं होतं. स्तनाग्र आत ओढलेलं असेल तर सिरिंजची युक्तीही तिथलीच, १९९३ सालची. १० किंवा २० मिलीच्या सिरिंजचं सुईकडचं टोक कापायचं, दट्ट्या काढून त्या कापलेल्या बाजूनं आत घालायचा, आणि गुळगुळीत राहिलेली मूळ कड छातीला टेकवून दट्ट्या हलकेच मागे ओढायचा. पाजण्याआधी मिनिटभर केलं तरी पुरतं. यंत्र नाही, खर्च नाही.

बाळ ओढत असो वा नसो, हातानं दूध काढणं आईला आलंच पाहिजे. हात धुवायचे, कोमट फडक्यानं छाती शेकायची, बोटांच्या पोटांनी काखेकडून पुढे हलकं चोळायचं. मग अंगठा वर आणि तर्जनी खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन बोटं मागे ठेवायची. आधी आत, बरगड्यांकडे दाबायचं, नंतर दोन बोटं एकमेकांकडे आणायची आणि सोडायची. बोटं कातडीवर घासायची नाहीत आणि टोक पिळायचं नाही. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाला ओलावा दिसेल इतकंच येतं, आणि ते बघून बायका रडतात. पण त्या वेळी दूध मोजायचं नसतं. आपण छातीला मागणी कळवत असतो. पंप असेल तर चांगलंच, भाड्यानंही मिळतात, पण पंपावाचून काही अडत नाही. पाजणं आणि काढणं मिळून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा व्हायला हवं, आणि त्यातली एक-दोन वेळा तरी रात्रीची, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. नेमकं रात्रीच घरचे म्हणतात, तू झोप, बाटली आम्ही देतो. झोप तिला हवीच, डेंग्यूतून उठलेल्या बाईला तर फारच. मग दिवसाची झोप तिला द्या. स्वयंपाक, कपडे, पाहुणे हे सगळं दुसऱ्या कुणीतरी उचलायचं, नवऱ्यानं तर आधी.

किती दिवस लागतात? बाळ मधूनमधून तरी पीत होतं, असं असेल तर काही दिवसांत फरक दिसतो. पूर्ण सुटलेलं असेल तर एक-दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल आणि खंड लहान असेल तर सोपं जातं. मोठ्या बाळालाही जमतं, फक्त त्याचं मन वळवायला वेळ लागतो. या काळात एक गोष्ट घडते ती फारशी कुणी सांगत नाही. दूध फार कमी झालेलं असताना त्याची चवही बदलते. दुधाच्या पेशींमधले सांधे सैल पडून रक्तातलं मीठ दुधात उतरतं, साखर कमी होते, आणि दूध चक्क खारट लागतं. बाळानं दोन घोट घेऊन तोंड वाकडं केलं तर त्यामागे हेही असू शकतं. दूध वाढलं की गोडवा परत येतो. "साचलेलं दूध अंगात नासलंय, आधी पिळून फेकून दे" असं मात्र काही नसतं. छातीतलं दूध नासत नाही.

दूध पुरतंय की नाही हे छातीच्या जडपणावरून किंवा बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये. संध्याकाळी तर भरल्या पोटाची बाळंही रडतात. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिक्या रंगाची शू, आणि वजन, हे दोन पुरावे. पहिल्या काही महिन्यांत आठवड्याला किमान १२५ ग्रॅम वाढ हवी. एकाच काट्यावर, अंगावर तितकेच कपडे ठेवून, आठवड्यातून एकदा वजन करायचं. शू गडद पिवळी आणि कमी, बाळ सुस्त, उठवूनही न पिणारं, किंवा वजन घटलेलं असेल तर वरचं दूध लगेच वाढवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

खाण्याबद्दल थोडक्यात. हळिवाचे लाडू, खसखशीची खीर, शेपूची भाजी, मेथी, बाळंतशोपा, हे सगळं बाळंतिणीला जरूर द्यावं. आजारातून उठलेल्या बाईला अन्न लागतंच, आणि कुणीतरी आपल्यासाठी लाडू वळतंय याचाही जिवाला आधार असतो. पण छाती रिकामी होत नसेल तर लाडवांनी दूध वाढत नाही. गोळ्यांचंही तेच. डोम्पेरिडोनसारख्या औषधानं प्रोलॅक्टिन वाढतं, पण हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून ते मेडिकलमधून परस्पर आणू नये. सगळं करूनही दूध वाढत नसेल तर थायरॉइड, रक्तक्षय, बाळंतपणानंतर राहिलेला वारेचा तुकडा, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, यांपैकी काही आहे का ते डॉक्टरांनी तपासायला हवं. त्यात आईचा दोष शोधू नये.

कधी दूध पूर्ण परत येतं, कधी अर्धंच. अर्धंच आलं तरी ते आलेलं असतं. दिवसातून तीनदा अंगावर आणि बाकी वरचं, असं महिनोन्‌महिने चालू शकतं, आणि बाळाला त्याचा फायदा मिळतोच. आणि सगळं समजून घेऊन एखाद्या आईनं "मला आता हे नको" म्हटलं, तर तिला डब्यासकट जवळ घ्यावं.

नोकरी करणाऱ्यांसाठी कायद्यात सोय आहे. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्या मिळायला हव्यात. बाळ कार्यालयात नसेल तर त्या वेळात दूध काढता येतं. डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आणि त्याचे नमुने वाटायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. डिस्चार्जच्या पिशवीत कुणी फुकट डबा घातला तर तो नियमाबाहेरचा आहे.

शिकवणारं माणूस जवळ असू शकतं. घरी येऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली, आणि आज आशाताई बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येतात. त्यांना पाजून दाखवा, बाळाची पकड बघायला सांगा. शहरात स्तनपान सल्लागार आहेत, मोठ्या सरकारी रुग्णालयांत दुग्धपेढ्या आहेत. त्यांतली पहिली, आणि आशियातलीही पहिली, मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली. ज्यांची बाळं इतकी लहान असतात की ओढूच शकत नाहीत, अशा आया रुग्णालयांत आठवडेच्या आठवडे हातानं दूध काढून ते टिकवतात.

त्यांना जमतं ते डेंग्यूच्या वॉर्डातल्या आईलाही जमू शकतं, फक्त तिला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं. दाखल होताना नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारावं, की या औषधांवर पाजलेलं चालेल का. साध्या तापाची पॅरासिटॅमॉल आणि नेहमीची बरीचशी प्रतिजैविकं चालतात. कर्करोगाची औषधं किंवा किरणोत्सारी आयोडीन यांसारख्या थोड्या उपचारांतच पाजणं थांबवावं लागतं. चालत असेल तर काढलेलं दूध बर्फाच्या डब्यातून घरी जाऊ शकतं. चालत नसेल किंवा नेण्याची सोय नसेल, तरी जितकी ताकद असेल त्याप्रमाणे दर तीन-चार तासांनी दूध काढून टाकत राहायचं, छाती बांधायची नाही. अशक्तपणानं हात उचलत नसेल तर नर्सताई, आई, सासू, बहीण, कुणीही मदत करू शकतं. रात्री एखाद वेळ चुकली तरी सकाळी पुन्हा सुरू करायचं.